नसलेलं दिसतं तेव्हा

डिसेंबर 2023 संपत आला होता. 30 तारखेची रात्र उलटून 31 ची पहाट होत असताना ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेनं घोडबंदर रस्त्यावर, कासारवडवलीजवळच्या खाडीकाठी एका पार्टीवर छापा घातला. 95 जणांना ताब्यात घेतलं. आयोजक म्हणून अटक झालेले दोघे याच ठाणे-डोंबिवली पट्ट्यातले, विशीच्या आसपासचे. पंचनाम्यात 70 ग्रॅम चरस, 200 ग्रॅम गांजा, 2.10 ग्रॅम एक्स्टसीच्या गोळ्या, दारूच्या बाटल्या, 29 मोटारसायकली आणि 0.41 ग्रॅम एलएसडी. दुसऱ्या दिवशी बातम्यांत आकडा झळकला तो किमतीचा, आठ लाखांच्या घरातला.

त्या यादीतली सगळ्यात हलकी वस्तू कायद्याच्या तराजूत सगळ्यात जड होती. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याखाली प्रत्येक पदार्थाची ‘अल्प’ आणि ‘व्यापारी’ अशी मात्रा ठरलेली आहे. गांजाची व्यापारी मात्रा 20 किलो, चरसाची 1 किलो, एमडीएमएची, म्हणजे एक्स्टसीची, 10 ग्रॅम आणि एलएसडीची 0.1 ग्रॅम. म्हणजे जप्त झालेला गांजा आणि चरस दोन्ही अल्प मात्रेतले, आणि चिमटीत मावणारं ते 0.41 ग्रॅम व्यापारी मात्रेच्या चौपट. व्यापारी मात्रेला शिक्षा किमान दहा वर्षांची, वीसपर्यंत जाणारी, वर एक ते दोन लाखांचा दंड, आणि जामिनाची वाट कलम 37 मुळे जवळपास बंद.

एलएसडी कुणी पुडीत बांधून विकत नाही. शोषून घेणाऱ्या जाड कागदावर द्रव टाकतात, तो वाळवतात आणि पोस्टाच्या तिकिटाहून लहान चौकोन पाडतात. घेणारी मुलं त्याला ‘पेपर’ म्हणतात, ‘स्टॅम्प’ म्हणतात, ‘डॉट’ म्हणतात. वर रंगीत चित्र असतं. जिभेवर ठेवायचा आणि थांबायचं. त्या चौकोनातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजण्याइतकं, साधारण 50 ते 200. बाकी सगळं वजन कागदाचं. पण 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हिरा सिंग खटल्यात सांगितलं की मिसळलेल्या निरुपद्रवी पदार्थाचं वजनही धरायचं, आणि 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं हा कागद एलएसडीचाच भाग मानला. जून 2023 मध्ये केंद्रीय अमली पदार्थ नियंत्रण विभागानं डार्कनेटवरून चालणारं जाळं पकडलं आणि 14,961 ब्लॉट, म्हणजे असे चौकोन, जप्त केले, तेव्हा ही जप्ती व्यापारी मात्रेच्या सुमारे अडीच हजार पट असल्याचं सांगितलं गेलं. हिशेब मांडून पाहा: सहा चौकोन म्हणजे व्यापारी मात्रा. मित्रांसाठी म्हणून पाकिटात सहा कागद ठेवणाऱ्या कॉलेजातल्या पोरालाही दहा वर्षांचा हिशेब लागू होतो, आणि हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

या द्रव्याचा जन्म धान्यावरच्या बुरशीतून झाला. युरोपात राय या धान्यावर अरगट नावाची बुरशी धरते. तिच्यातल्या अल्कलॉइडांवर काम करताना स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथे, सँडोझ कंपनीत, अल्बर्ट हॉफमन यांनी 1938 मध्ये एलएसडी तयार केलं. त्याचा परिणाम मात्र 1943 च्या एप्रिलमध्ये चुकून कळला. 19 एप्रिलला त्यांनी मुद्दाम 250 मायक्रोग्रॅम घेतलं, आणि सायकलवरून घरी जाताना सगळं जग वितळताना पाहिलं. अरगट आपल्या शेतकऱ्याला परकी नाही. बाजरीच्या कणसावर चिकट मधासारखे थेंब दिसतात, मग दाण्याच्या जागी काळपट गाठी येतात. म्हणून पेरणीआधी बियाणं वीस टक्के मिठाच्या पाण्यात बुडवून तरंगणारं काढून टाकायला कृषी खातं आजही सांगतं. बाजरीवरची बुरशी वेगळ्या जातीची, तिनं उलट्या होतात, गरगरतं, गुंगी येते. पण घराणं तेच. त्याच घराण्यातून आलेलं मिथिलअर्गोमेट्रिन बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायला प्रसूतिगृहात वापरतात.

एलएसडी मेंदूतल्या सेरोटोनिनच्या एका विशिष्ट ग्राहकावर, 5-एचटी2ए वर, जाऊन बसतं. अर्ध्या-एक तासात रंग गडद होतात, भिंती श्वास घेतल्यासारख्या हलतात, मिनिटाचा तास होतो, ‘मी’ कुठे संपतो ते कळेनासं होतं. हे आठ ते बारा तास चालतं आणि मध्येच थांबवता येत नाही. दारू किंवा गर्दसारखी, म्हणजे हेरॉइनसारखी, याची शरीराला ओढ लागत नाही. लागोपाठ घेतलं तर परिणामच उरत नाही. निव्वळ एलएसडीच्या विषबाधेनं मृत्यू अतिशय दुर्मीळ. या खऱ्या गोष्टी आहेत आणि मुलं त्या इंटरनेटवर वाचतात. ‘एकदा घेतलंस की संपलास’ असं सांगणाऱ्या शिक्षकांवरचा त्यांचा विश्वास इथेच उडतो. मग पुढच्या खऱ्या धोक्याचंही ती ऐकत नाहीत.

खरे धोके असे आहेत. कागदावर नेमकं काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. एनबीओएमई वर्गातली कृत्रिम द्रव्यं एलएसडी म्हणून खपवली गेली आहेत, आणि त्यांनी माणसं मेली आहेत. एक्स्टसीनं अंगातला ताप बेसुमार चढतो आणि भरमसाट पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम कोसळतं. भीतीच्या लाटेत माणूस गच्चीच्या कठड्यापाशी जातो, रुळांवर उतरतो. लिथियम चालू असलेल्याला झटके येऊ शकतात. काहींना महिनोन् महिने दिव्यांभोवती वलयं आणि हलत्या वस्तूंमागे शेपट्या दिसत राहतात. पण मला सर्वांत मोठा वाटणारा धोका रसायनात नाही, घरात आहे.

स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर आजार बहुधा पंधरा ते पंचवीस या वयात डोकं वर काढतात. पेपर हातात पडतो तोही याच वयात. ज्याच्या जवळच्या नात्यात हे आजार आहेत त्यानं भास देणाऱ्या पदार्थांपासून लांब राहावं, यावर डॉक्टरांचं एकमत आहे. या पदार्थांवर आज जे वैद्यकीय प्रयोग होतात, त्यांत अशा लोकांना बहुधा दारातूनच परत पाठवतात. आता आपल्याकडची कोणतीही सोसायटी घ्या. आत्या बावीस वर्षांची असताना कोणाशी तरी बोलत बसायची, पुढे तिला गावी ठेवलं. काका नोकरी सोडून निघून गेले ते आलेच नाहीत. याबद्दल घरात कुणी तोंड उघडत नाही, कारण मुलामुलींची लग्नं जमायची असतात. ज्या माहितीवर एकोणीस वर्षांच्या मुलाचं आयुष्य अवलंबून आहे, ती त्याच्या आईवडिलांना ठाऊक असते आणि त्याला नसते. अमली पदार्थांवरच्या शाळेतल्या शंभर व्याख्यानांपेक्षा जेवणाच्या टेबलावर ‘आपल्या घरात हा आजार आहे, तुला जपून राहायला हवं’ हे एक वाक्य जास्त काम करेल, असं मी ठामपणे म्हणेन.

आणि मुलगा बिथरला की घर दोन गोष्टी बोलतं. ‘ड्रग्जमुळे झालं’ म्हटलं की आत्याचं नाव झाकलं जातं. ‘बाहेरचं लागलंय’ म्हटलं की ड्रग्ज झाकली जातात, आणि भगताकडे आठवडे जातात.

चुकीचं कारण नोंदवण्याची ही सवय जुनी. 1893-94 मध्ये ब्रिटिश सरकारच्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशननं देशभर हिंडून गांजा-भांग-चरसाची चौकशी केली. तेव्हा अहमदनगर जिल्ह्यात गांजाची रीतसर शेती होती. वेड्यांच्या इस्पितळांच्या वह्यांत गांजानं वेड लागलेल्यांची संख्या मोठी दिसत होती, म्हणून कमिशननं 1892 ची 222 प्रकरणं एकेक करून तपासली. निम्म्याहून कमी टिकली. रुग्णाला आणणाऱ्या पोलिसाला कारण माहीत नसे, रकाना तर भरायचा असे, मग तो ‘गांजा’ लिहून मोकळा होई. ठाण्याचं मनोरुग्णालय त्यानंतर, 1901 मध्ये सुरू झालं. ‘ठाण्याला पाठवा’ हा टोमणा अख्ख्या महाराष्ट्रानं मारला, आणि त्या टोमण्यानं किती घरांना उपचारापासून लांब ठेवलं याची मोजदाद नाही.  गांजाबद्दल आजचं शास्त्र कमिशनहून सावध आहे: कोवळ्या वयात, रोज, जहाल गांजा ओढणाऱ्यांत सायकोसिसचं प्रमाण जास्त आढळतं.

एलएसडीच्या गोंगाटात आपण आपल्या मातीतला भास विसरतो. धोतरा उकिरड्यावर, रुळांच्या कडेला, पडक्या भिंतीपाशी आपसूक उगवतो. शके 982 मध्ये बांधलेल्या अंबरनाथच्या शिवमंदिरात महाशिवरात्रीला रांगा लागतात, तेव्हा हातात बेलाबरोबर धोतऱ्याचं फूल आणि काटेरी बोंडही असतं. महादेवाला वाहिलेलं विष, ही श्रद्धा योग्यच, ते माणसानं खायचं नसतं. बोंडातल्या तपकिरी, खडबडीत बिया मिरचीच्या बियांसारख्या दिसतात. न्यायवैद्यकाच्या विद्यार्थ्याला दोन्ही शेजारी ठेवून फरक शिकवतात, कारण शेकडो वर्षं या बियांनी लूटमार झाली. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्यानं 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात धोतरा दिलेल्या माणसाचं हसत सुटणं आणि त्याचं घर लुटलं जाणं नोंदवलं आहे. 

धोतऱ्यात ॲट्रोपिन, स्कोपोलामिन आणि हायोसायमिन असतं. तोंडाला कोरड पडते, बाहुल्या विस्फारतात, कातडी लाल आणि तापलेली. झोकांड्या जातात. मग माणूस बोटांच्या टोकांतून नसलेले दोरे ओढू लागतो, अंथरुणावरून नसलेल्या वस्तू वेचतो, हजर नसलेल्यांशी पुटपुटतो. पेपर घेतलेल्याला बहुतेकदा कळत असतं की हे पेपरमुळे चाललंय. धोतरा खाल्लेल्याला तेवढंही भान राहत नाही, आणि नंतर आठवतही नाही. तो मरू शकतो. हेच ॲट्रोपिन कीटकनाशक पोटात गेलेल्या शेतकऱ्याला वाचवतं. जिल्हा रुग्णालयात ते मात्रेबाहेर गेलं की खाटेवरचा रुग्ण तसेच दोरे ओढताना डॉक्टरांनी पाहिलेलं असतं. धोतरा एनडीपीएस कायद्यात नाही, आणि असायचं कारणही नाही. पण मौजेखातर बिया चघळणाऱ्या पोराला पेपरपेक्षा तिथे मरणाचा धोका अधिक आहे, हे त्याच्या कानावर पडायला हवं.

आता कल्याण किंवा ठाणे स्थानक. फलाटाच्या टोकाला, पुलाखाली, दहा-बारा वर्षांचं पोर तोंडाशी फडकं धरून बसलेलं दिसतं. फडक्यात पंक्चरचं ‘सोल्युशन’. त्यातलं टोल्युइन फुप्फुसातून थेट मेंदूत जातं. भूक मरते, थंडी कळत नाही, रंग आणि चेहरे दिसतात. हाही भासच आहे, मोजक्या रुपयांचा. एम्सच्या 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत एलएसडीसारखे पदार्थ घेणारे 0.12 टक्के निघाले. हुंगण्याच्या पदार्थांचं प्रमाण मात्र मुलांमध्ये 1.17 टक्के, मोठ्यांमध्ये 0.58. मोठ्यांपेक्षा मुलं पुढे असलेला हा एकच वर्ग. एलएसडीनं मेंदूच्या पेशी मरतात असा पुरावा नाही. टोल्युइननं मेंदूचा पांढरा भाग झिजतो, तोल जातो, बुद्धी मंदावते, आणि हृदय अचानक बंद पडू शकतं. या ट्यूबवर छापा पडत नाही. समतोल फाउंडेशनसारख्या संस्थांचे लोक स्थानकांवरच्या मुलांशी बोलून त्यांना घरी पोचवायला झटतात. त्यांचं काम मला कोणत्याही जप्तीपेक्षा मोलाचं वाटतं.

परदेशात वारं बदलतं आहे. ऑस्ट्रेलियानं जुलै 2023 पासून निवडक मनोविकारतज्ज्ञांना औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी सिलोसायबिन आणि आघातोत्तर ताणासाठी एमडीएमए देण्याची मुभा दिली. अमेरिकेच्या एफडीएनं ऑगस्ट 2024 मध्ये एमडीएमए उपचाराला मान्यता नाकारली. ते सगळं तपासलेली मात्रा, शेजारी बसलेला डॉक्टर आणि आधी घेतलेला घराण्याचा इतिहास यांच्या आत चालतं. खाडीकाठी यातलं एकही नसतं.

आपली व्यसनमुक्तीची परंपरा मोठी आहे. मुंबई-पुण्यात गर्द पसरला तेव्हा 1986 मध्ये सुनंदा आणि अनिल अवचटांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ उभं केलं. 1990 मध्ये डॉ. आनंद नाडकर्णींनी ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली. पण गर्दसाठी घडलेली पद्धत ओढ आणि माघारीच्या त्रासाभोवती बांधलेली आहे. एकदाच पेपर घेऊन हादरलेल्याला ती लागू पडत नाही. त्याला त्या रात्री लागतं एक शांत, मंद उजेडाचं ठिकाण, न ओरडणारं माणूस, आणि ताप, नाडी, शुद्ध बघणारा डॉक्टर.

तिथेच पोरं कचरतात. मित्र घामानं निथळतो, बरळतो, आणि बाकीचे पोलिसांच्या भीतीनं त्याला गाडीत घालून फिरवत राहतात. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर, जे जवळ असेल तिथे न्यावं आणि काय घेतलं, किती वाजता, सोबत काय, हे खरं सांगावं. नेहमीच्या लघवीच्या पट्टीवर एलएसडीही दिसत नाही, धोतराही दिसत नाही. डॉक्टरकडे फक्त तुमचा शब्द असतो. कायद्याच्या कलम 64अ नुसार व्यसनाधीन माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला तर सेवनाच्या आणि अल्प मात्रेच्या गुन्ह्यात त्याच्यावर खटला चालत नाही. एकदाच घेतलेल्याला हे कवच मिळेलच असं कायदा म्हणत नाही, आणि ते मिळायला हवं. 108 ला रुग्णवाहिका येते, 14416 वर टेली-मानस आणि 14446 वर व्यसनमुक्तीची मदत फोनवर मिळते.

एक मागणी ठाणे जिल्ह्यापुरती. जप्त मालाची तपासणी न्यायसहायक प्रयोगशाळेत होते आणि अहवाल खटल्याच्या कागदांत जातो. पेपरवर एलएसडीच होतं की एनबीओएमई, गोळीत एमडीएमए किती होतं, ही माहिती नावगाव वगळून महापालिकांच्या आपत्कालीन कक्षांत त्याच आठवड्यात यायला हवी. युरोपीय संघानं नव्या द्रव्यांसाठी अशी इशारा-व्यवस्था 1997 मध्येच उभारली. आपल्याकडे प्रयोगशाळा कलिन्यात आहे, रुग्णालयं लोकलच्या अंतरावर आहेत, आणि पुढचा 31 डिसेंबर ठरलेल्या तारखेलाच येणार आहे.