बुडालेल्या राज्यांची पदके

बीड जिल्ह्यातील जुन्या घरांत एखाद्या डब्याच्या तळाशी क्वचित चारमिनारची छाप असलेला रुपया सापडतो. निजामाच्या राज्यातील हा हाली सिक्का. हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि त्याचे दिवस भरले. परंतु ज्याच्या गाठीला तो होता, तो मनुष्य बुडाला नाही. सात हाली रुपयांस सहा कलदार या दराने नव्या राज्याने जुन्या राज्याचे देणे आपल्या शिरावर घेतले. राज्य बुडाल्यावर त्याच्या नाण्याचे काय करावे, याचे उत्तर अर्थशास्त्रापाशी असे तयार आहे. राज्याने सैनिकाच्या छातीवर लावलेल्या पदकाचे काय करावे, हा प्रश्न मात्र त्याहून अवघड आहे.

वास्तविक पदक हेही एक वचनपत्रच होय. त्यातील धातूला किंमत बेताची. ‘तुझा पराक्रम आम्ही विसरणार नाही’ हे राज्याचे आश्वासन हेच त्याचे खरे मोल. साहजिकच ते मोल राज्याच्या आयुष्यावर आणि पतीवर अवलंबून राहते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या बाजूने लढलेल्या लहान राष्ट्रांनी याचा अनुभव घेतला. फिनलंडने १९४० मध्ये मानरहाइम क्रॉस हे शौर्यपदक स्थापन केले. १९४४ मध्ये तो देश जर्मनीपासून अलग झाला, त्याला मुलूखही गमवावा लागला. पण राज्य टिकले आणि त्या पदकाचा मानही टिकला. उलट, १९४१ मध्ये हिटलर व मुसोलिनी यांच्या आश्रयाने उभे राहिलेले क्रोएशियाचे राज्य मे १९४५ मध्ये लयास गेले. सर्ब, ज्यू आणि जिप्सी यांच्या कत्तलींचा कलंक त्याच्या माथी होता. त्याची पदके आता संग्राहकांच्या कपाटांपुरती उरली आहेत.

या पंगतीत एक पान भारतीयांचेही होते, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. सुभाषचंद्र बोस यांनी १९४१ च्या अखेरीस बर्लिनमध्ये आझाद हिंद केंद्र सुरू केले आणि भारतीय युद्धकैद्यांतून सुमारे तीन हजारांचे दल उभारले. १९४२ मध्ये त्यांनी शेर-ए-हिंद, सरदार-ए-जंग, वीर-ए-हिंद आणि शहीद-ए-भारत ही पदके स्थापन केली. ती घडवली गेली व्हिएन्नात. पुढे फेब्रुवारी १९४३ मध्ये जर्मन पाणबुडीतून ते पूर्वेकडे निघाले, तेव्हा त्यांच्यासोबत होते ते हैदराबादचे आबिद हसन. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी सिंगापुरात आझाद हिंद सरकार स्थापन झाले. म्हणजे पदके आधी निघाली आणि सरकार मागाहून आले. त्या सरकारला मान्यता देणाऱ्यांत जर्मनी व जपानबरोबर क्रोएशियाही होता. हिटलरचे साहाय्य घेण्याच्या निर्णयावर वाद होत राहील आणि तो व्हावाही. तथापि स्वातंत्र्यासाठी शस्त्र धरलेल्या सामान्य शिपायाचा हिशेब त्या वादापायी अडवून ठेवणे न्याय्य नव्हते.

माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे मराठा रेजिमेंटमधून इटलीत जर्मनांशी लढले आणि १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ब्रिटिश राज्य गेले, पण त्या पदकाचा मान प्रजासत्ताकातही अबाधित राहिला आणि माणगावात त्यांचा पुतळा उभा राहिला. हे योग्यच झाले. त्याच रेजिमेंटमधून पुढे आलेले सावंतवाडीकडील जगन्नाथराव भोसले आझाद हिंद सेनेत वरिष्ठ पदावर होते. ते १९५२ मध्ये केंद्रात उपमंत्री झाले. परंतु हजारो साध्या शिपायांच्या वाट्याला असे काही आले नाही. लाल किल्ल्यातील पहिल्या खटल्यात तिन्ही अधिकाऱ्यांची जन्मठेप जानेवारी १९४६ मध्ये माफ झाली. बडतर्फी आणि वेतनजप्ती मात्र कायम राहिली. स्वातंत्र्यानंतरही या सैनिकांना सेनेत परत घेतले नाही.

सेनेची शिस्त आणि घेतलेली शपथ यांचा प्रश्न गंभीर होता, हे मान्य करावे लागेल. छळ सोसूनही आझाद हिंद सेनेत न गेलेले युद्धकैदीही होतेच. पण सेनेत परत न घेणे ही एक गोष्ट आणि उपजीविकेची तरतूद न करणे ही दुसरी. स्वातंत्र्यसैनिकांसाठी केंद्राची निवृत्तिवेतन योजना आली ती १९७२ मध्ये. रक्कम किमान दोनशे रुपये दरमहा, आणि तीही वार्षिक उत्पन्न पाच हजारांच्या आत असल्यास! १९८० मध्ये ही अट गेली. म्हणजे तोवर हा सन्मान नव्हता, ती दारिद्र्याची दखल होती. १९४४ मध्ये पंचविशीत असलेला शिपाई १९७२ मध्ये त्रेपन्न वर्षांचा झाला होता. वीर-ए-हिंदला सात-सहाचा विनिमय-दर कोणी ठरवलाच नाही.

देणे उशिरा फेडले की ते भलत्याच हाती पडते, याचा दाखला बीडकरांना दूर शोधावा लागत नाही. निजामाविरुद्धच्या लढ्यातील खऱ्या कार्यकर्त्यांनाही मान्यतेसाठी वाट पाहावी लागली. दरम्यान साक्षीदार वारले, कागद गहाळ झाले. मग खोट्या स्वातंत्र्यसैनिकांचे पेव फुटले. बीड जिल्ह्यातील हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००५ मध्ये न्यायालयाने त्यावर निकाल दिला. खोटे नाणे खऱ्याला बाजारातून हुसकावते, हा नियम सन्मानालाही लागू पडतो. खऱ्या सैनिकाच्या वारसाला त्यामुळे आपले खरेपण सिद्ध करीत बसावे लागते, ही यातील सर्वांत मोठी हानी.

घटनेच्या अठराव्या कलमाने किताब रद्द केले, तरी लष्करी व शैक्षणिक सन्मान राखले. ज्या प्रजासत्ताकाने हा विवेक दाखवला, त्याने हिशेबही वेळेवर करावा, ही अपेक्षा गैर नाही. आता पैशाने फेडण्याजोगे देणे फारसे उरलेले नाही. लढणारे बहुतेक निघून गेले. नोंदीचे देणे मात्र बाकी आहे. दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यातील शाळांतून झेंडावंदन होते. त्या दिवशी प्रत्येक शाळेने आपल्या गावातील लढणाऱ्यांची नावे जुन्या कागदांवरून पडताळून एका वहीत लिहून ठेवली, तर हाली सिक्क्याला जो न्याय मिळाला, तो माणसांना उशिरा का होईना मिळेल.