जालन्याच्या मापानं त्सावो

नवीन जालन्याच्या माणसाला परदेशी जायचं तरी आधी कुंडलिका ओलांडावी लागते, कारण रेल्वे स्टेशन जुन्या जालन्यात. ३० डिसेंबर २०२३ला इथून मुंबईची वंदे भारत सुटली. आता ती नांदेडहून येते. तिच्यात बसलं की साडेसहा-सात तासांत मुंबई, अंतर साधारण ४३५ किलोमीटर. मुंबईहून नैरोबीचं थेट विमान जवळपास तेवढाच वेळ घेतं, आणि कापतं सुमारे ४,५०० किलोमीटर. म्हणजे वेळेच्या हिशेबानं मुंबईपासून केनिया जालन्याइतकाच लांब. पायाखालचं अंतर दहापट.

ही दहापट डोक्यात मावत नाही. म्हणून केनियातला एक दिवस, सकाळी रेल्वे आणि दुपारी जंगल, जालन्याच्याच फूटपट्टीनं मोजून बघू.

नैरोबी-मोम्बासा ही नवी रेल्वे ३१ मे २०१७ला सुरू झाली. लांबी ४७२ किलोमीटर, म्हणजे परतूरला बसून मुंबईत उतरण्याएवढी. गंमत उंचीत आहे. नैरोबी शहर समुद्रसपाटीपासून १,७९५ मीटरवर आहे आणि आपलं कळसूबाई १,६४६वर. महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच माथ्यावर चढून आपण फोटो काढतो, त्याच्याही दीडशे मीटर वर तिथं लाखो माणसं भाजी आणायला निघालेली असतात. तिथून गाडी दीड किलोमीटरहून जास्त खाली, थेट समुद्रापर्यंत उतरते. सगळ्या थांब्यांवर थांबणारी सकाळची गाडी पकडली तर वोईला उतरता येतं, आणि वोई म्हणजे त्सावोचं दार.

त्सावो म्हणजे लागून असलेली दोन राष्ट्रीय उद्यानं: त्सावो पूर्व १३,७४७ चौरस किलोमीटर, त्सावो पश्चिम ९,०६५. बेरीज २२,८१२. आपला जालना जिल्हा सुमारे ७,७०० चौरस किलोमीटरचा. भोकरदन ते परतूर, अंबड ते मंठा, सगळी गावं, शेतं, मोसंबीच्या बागा आणि सळईचे कारखाने धरून जो जिल्हा होतो, तसे जवळजवळ तीन जिल्हे, आणि त्यात फक्त जनावरं. बफर धरून ताडोबा-अंधारी १,७२७ चौरस किलोमीटर आहे. तसे तेरा ताडोबा त्सावोत बसतात. आपल्याला जवळचं गौताळा अभयारण्य जेमतेम २६० चौरस किलोमीटरचं. त्याचं तर नावच काढायला नको.

आणि या रानाच्या मधून रेल्वे जाते, शंभराहून जास्त किलोमीटर. रूळ उंच भरावावर, दोन्हीकडे कुंपण, आणि जनावरांना जायला खालून वाटा. गाडी ताशी १२०च्या वेगानं धावते तेव्हा सेकंदाला ३३ मीटर मागं पडतात. शंभर मीटरच्या पट्ट्यात उभा असलेला हत्तींचा कळप तीन सेकंद दिसतो. तोही लाल! मातीच तशी, आणि हत्ती ती अंगावर उधळून घेतात. आपल्या काळ्या रानात हत्ती असते तर कोणत्या रंगाचे झाले असते, हा प्रश्न मला उगाच पडतो.

आता हत्तींचा हिशेब. २०२१च्या गणनेत केनियात ३६,२८० हत्ती निघाले, त्यातले जवळपास १५,००० त्सावोच्या परिसरात. मोठा हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या आसपास खातो. सगळे मोठेच धरले तर रोजचा चारा २,२५० टन, म्हणजे दहा टनी ट्रक २२५. दुष्काळी छावणीत मोठ्या जनावराला पंधरा-अठरा किलो हिरवा चारा मिळायचा, हे मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. त्या मापानं एक हत्ती म्हणजे आठ-दहा बैल. एवढ्या हत्तींची छावणी काढायची तर सव्वा-दीड लाख जनावरांची दावण लागेल, आणि तिचं बिल कोण पास करणार?

पाणी तर विचारूच नका. हत्तीला दिवसाला कमीत कमी शंभर लिटर धरू. पंधरा हजारांना १५ लाख लिटर. दहा हजार लिटरचे दीडशे टँकर, रोज. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, ती पुढं पन्नास वाघिणींची झाली आणि एका खेपेत २५ लाख लिटर आणू लागली. त्सावोच्या हत्तींनी त्यातल्या तीस वाघिणी एका दिवसात रिकाम्या केल्या असत्या. पण त्यांना टँकर कोण पाठवणार? १९७०-७१च्या दुष्काळात त्सावोत हजारो हत्ती मेले. पाणी होतं तिथला चारा संपला, चारा होता तिथं पाणी नव्हतं. आपल्याकडे १९७२ उजाडायचा होता.

नव्या रुळांच्या आसपासच जुनी रेल्वे आहे, आणि तिचा आकडा सगळ्यात जड. इंग्रजांनी १८९६ ते १९०१ या काळात मोम्बासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत सुमारे ९३० किलोमीटर मीटरगेज टाकली. त्याच सुमारास निजामाच्या राज्यात हैदराबाद ते मनमाड हीही मीटरगेजच पडत होती, जालन्यावरून. दोन्ही रुळांमधलं अंतर सारखंच, एक मीटर. आपली रुंद व्हायला १९९०चं दशक यावं लागलं. तिकडची बांधायला हिंदुस्थानातून ३१,९८३ मजूर नेले, बहुतेक पंजाबातले. त्यातले २,४९३ मेले. दर तीन किलोमीटरला आठ माणसं. जालना ते छत्रपती संभाजीनगर ६३ किलोमीटर आहे. या दरानं तेवढ्यात १६९ प्रेतं. बदनापूर येईपर्यंत किती, ते मोजावंसं वाटत नाही.

जगाच्या लक्षात मात्र राहिले ते दोन सिंह. १८९८ साली त्सावो नदीवरच्या पुलाचं काम चालू असताना बिनआयाळीचे दोन नर तंबूंतून माणसं ओढून नेत होते. मजूर पळाले, काम थांबलं. पुलाचा अधिकारी जॉन पॅटरसन यानं डिसेंबरात दोघांनाही मारलं आणि पुढं १३५ बळींचा आकडा सांगितला. सिंहांच्या कातड्यांचे त्यानं आधी गालिचे केले. मग ती शिकागोच्या फील्ड म्युझियमला ५,००० डॉलरला विकली. २००९मध्ये शास्त्रज्ञांनी त्यांची हाडं आणि केस तपासून त्यांनी किती माणसं खाल्ली याचा अंदाज बांधला, तो पस्तीसच्या आसपास आला. पॅटरसनचा फुगवलेला आकडा घेतला तरी २,४९३ शेजारी तो शंभरात पाच-सहा भरतो. बाकीच्यांना हिवताप, हगवण आणि कामानं खाल्लं. त्यांच्यावर कुणी सिनेमा काढला नाही.

एक आकडा मात्र आपल्या बाजूचा आहे. त्सावो पूर्वमध्ये यट्टा नावाचं पठार दिसतं, सपाट माथ्याचं, सुमारे तीनशे किलोमीटर लांब, म्हणजे जालना ते पुणे. जगातल्या सगळ्यात लांब लाव्हाप्रवाहांपैकी तो एक, असं तिथं अभिमानानं सांगतात. नवीन जालन्याच्या पाहुण्यानं ते ऐकून मान डोलवावी आणि गप्प बसावं. त्याचं घर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्या लाव्ह्यावर उभं आहे तो आजही पाच लाख चौरस किलोमीटर पसरलाय, अख्ख्या महाराष्ट्राच्या दीडपटीहून जास्त. सह्याद्रीकडे त्याची जाडी दोन किलोमीटरवर जाते. त्याचाच एक तुकडा घरी ओट्याखाली उभा करून ठेवलेला असतो, वरवंट्यासकट, मिक्सर आल्यापासून.