संहितेवांचून नाटक

चारपांच माणसें एका टेबलाभोंवतीं बसलीं आहेत. पुढें कागद, पेन्सिली आणि निरनिराळ्या आकारांचे फांसे आहेत. त्यांपैकीं एक जण म्हणतो, "नदीवरचा पूल पुरांत वाहून गेला आहे, आतां तुम्ही काय करतां?" अशा प्रश्नापासून भूमिकाखेळ सुरू होतो. प्रश्न विचारणारास आपण सूत्रधार म्हणूं. बाकीचे एकेक पात्र घेऊन उत्तर देतात, आणि ज्या कृतीचें फळ अनिश्चित, तिचा निकाल फांशांवर सोंपवितात. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन या दोघां अमेरिकनांनीं रचलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा या जातीचा आद्य खेळ १९७४ सालीं प्रसिद्ध झाला.

या खेळास संहिता नसते. परंतु संहितेवांचून अभिनय कसा करावा, याचा विचार रंगभूमीवर त्याआधींच सुरू झाला होता. शिकागो येथें व्हायोला स्पोलिन या बाईंनीं खेळांच्या द्वारें अभिनय शिकविण्याची पद्धति बसविली. तिच्यावरील त्यांचें पुस्तक १९६३ सालीं निघालें. कीथ जॉनस्टन यांनीं लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहांत व पुढें कॅनडांतील कॅलगरी येथें हीच विद्या शिकविली; त्यांचें 'इम्प्रो' हें पुस्तक १९७९ चें. आपल्या दशावतारांतील नटहि ठरलेल्या कथेवर आयत्या वेळीं संवाद रचतात. तेव्हां ही कल्पना आपणांस अगदींच परकी नव्हे.

या विद्येचें पहिलें सूत्र असें कीं, सोबत्यानें जें मांडलें तें मान्य करावें आणि त्यांत आपली भर घालावी. दिसावयास हें सोपें आहे. पण मी स्वतः येथेंच चुकलों. मी नवखा सूत्रधार होतों. पूल वाहून गेला म्हणजे मंडळी जंगलांतून वळसा घेतील, असें मीं आधींच ठरवून ठेवलें होतें. इतक्यांत एक अबोल मुलगी बऱ्याच वेळानें म्हणाली, "येथला नावाडी माझ्या वडिलांचा मित्र आहे." मीं तत्काळ उत्तर दिलें, "येथें नावाडी नाहीं." खेळाच्या नियमांस धरूनच मी बोललों होतों, पण त्या संध्याकाळीं ती मुलगी पुन्हा बोलली नाहीं.

मीं काय म्हणावयास हवें होतें ? "होय, नावाडी आहे, पण तुझ्या वडिलांनीं घेतलेलें कर्ज अजून फिटलें नाहीं, असें तो म्हणतो." एवढ्यानें कथेला नवें पात्र आणि नवा पेंच मिळाला असता. मग त्याचें मन वळविण्यासाठीं तिनें वीस बाजूंचा फांसा टाकला असता. समजा, तीनच पडले. तरी खेळ अडत नाहीं. नावाडी रागावला, आतां पुढें काय? फांशाचें दान हेंहि सोबत्याच्या वाक्याप्रमाणेंच स्वीकारावयाचें असतें.

मात्र रंगभूमि आणि टेबल यांत एक भेद आहे. टेबलापुढें प्रेक्षक नसतो. खेळणारेच एकमेकांचे श्रोते. म्हणून येथें हजरजबाबीपणाहून ऐकण्याला मोल अधिक. तसेंच, होकारालाहि मर्यादा आहेत. "मी एका उडींत नदी ओलांडतों" असें कोणी म्हटल्यास नियम त्याला आवरतील. आणि एखादा प्रसंग खेळणाराच्या मनालाच लागत असेल, तर त्याचा नकार प्रथम मानावा; पात्राहून माणूस मोठा.

घरीं सराव करावयाचा असल्यास मुलांसह गोष्ट रचा. प्रत्येकानें एकेक वाक्य सांगावें, आणि तें "होय, आणि" या शब्दांनीं सुरू करावें. कोण गप्प बसलें आहे, इकडे मात्र लक्ष असूं द्या.

पुढच्या बैठकीला ती मुलगी आली, तेव्हां मीं तिला विचारलें, "त्या नावाड्याचें नांव काय ग ?" तिनें तें क्षणार्धांत सांगितलें. त्या दिवशींची नदी आम्ही त्याच्याच नावेंतून ओलांडली.