मेल सर्व्हर रीस्टार्टला दोन मिनिटं का लावतो?

आज एकच तक्रार घेऊ. मेल सर्व्हर रीस्टार्ट केला की कर्सर नुसता लुकलुकत बसतो.

पिंपळगाव बसवंतच्या बाजूला एका द्राक्ष निर्यातदाराकडे मला ऐन हंगामात बोलावलं होतं. कंटेनर न्हावा शेवाच्या वाटेवर, कागदपत्रं मेलने जायची, आणि सेंडमेल सुरू व्हायला दोन मिनिटं! तिथला मुलगा घाबरून परत परत रीस्टार्ट मारत होता. दर वेळी घड्याळ पहिल्यापासून सुरू. मी म्हटलं, बाबा, हात बाजूला ठेव, आधी लॉग वाचू.

लॉगमध्ये कारण लिहिलेलंच होतं. यंत्राला स्वतःचं पूर्ण नाव सापडत नव्हतं, म्हणून सेंडमेल झोपून पुन्हा विचारत होता. ही झोप ६० सेकंदांची असते. तरीही नाव मिळालं नाही, तर तो छोट्या नावावर काम सुरू करतो. तिथे सेंडमेल आणि त्याची रांग पाहणारा जोडीदार अशा दोन सर्व्हिस होत्या. साठ आणि साठ, झाली दोन मिनिटं. आदल्या आठवड्यात राउटर बदलला होता आणि रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये जुन्याच राउटरचा पत्ता. मग नाव विचारणार कोणाला?

होस्ट्स फाइलमध्ये एक ओळ घातली: आयपी पत्ता, मग पूर्ण नाव, मग छोटं नाव. क्रम हाच ठेवा. पुष्कळ जण छोटं नाव आधी लिहितात आणि डोकं खाजवत बसतात. रिझॉल्व्ह डॉट कॉन्फही दुरुस्त केली, नाहीतर सर्व्हिस झटकन उठली असती, पण बाहेरच्या मेलचा ठिकाणा लागला नसता.

तुमच्याकडे पोस्टफिक्स किंवा डोव्हकॉट असेल, तर रीस्टार्टचे दोन तुकडे करा. आधी नुसता स्टॉप, मग नुसता स्टार्ट, आणि वेळ मोजा. स्टॉपलाच दीड मिनिट गेलं, तर ते सिस्टमडीचे ठरलेले ९० सेकंद समजा. तेवढा वेळ तो प्रोसेसला स्वतःहून आवरायची संधी देतो, मगच मारतो. कोण अडलंय ते जर्नलसीटीएलमध्ये दिसतं. स्टार्टला वेळ लागतोय आणि क्लॅमएव्ही बसवलंय? मग मेमरी बघा. व्हायरसच्या सह्या भरायलाच एक जीबीहून जास्त जागा लागते. दोन जीबीच्या यंत्रावर डिस्क घरघरणारच.

कंटाळून किल मायनस नाइन मारू नका बरं. डोव्हकॉट मेल लिहीत असताना मारलात, तर इंडेक्स बिघडू शकते.

‘तेवढ्या वेळात आलेल्या मेलचं काय?’ असा प्रश्न आला आहे. समोरचा सर्व्हर त्या आपल्याकडे ठेवून पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स तर एरवी पाच दिवस सोडत नाही. पिंपळगावची कागदपत्रंही रांगेतच पडून होती. डीएनएस सुधारल्यावर रांग फ्लश केली आणि ती निघाली.