फुकट, पण बिनखर्ची नव्हे

संगणकाचा सगळा कारभार पाहणाऱ्या मूळ कार्यक्रमाला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. माझी आवडती म्हणजे ‘ओपनबीएसडी’. थिओ दे राट यांनी ती १९९५ साली कॅनडात सुरू केली. ती सर्वांना फुकट मिळते. दूरच्या संगणकाशी बोलताना चोराने ऐकू नये, म्हणून याच मंडळींनी १९९९ साली ‘ओपनएसएसएच’ हे जणू कुलूपच बनवले. ते आज जगभर वापरतात.

पण २०१४ च्या जानेवारीत त्यांच्याकडे विजेच्या बिलालाच पैसे नव्हते! बिल वर्षाचे सुमारे २०,००० डॉलर. काम बंद पडायची वेळ आली. तेव्हा लोकांनी वर्गणी पाठवली नि काम टिकले.

आपल्या गावच्या सप्त्याचेही असेच ना? पंगतीला सगळेच बसतात, पण शिधा कोणीतरी दिलेला असतो. म्हणून वापरणाऱ्याने ऐपतीप्रमाणे द्यावे. पैसे नसतील तर आभाराचे पत्र तरी धाडावे.