ट्रॅकवर गाडी तापते तेव्हा

पसरणीच्या घाटाने वाईकडे उतरताना पुढच्या गाडीच्या चाकांतून येणारा जळका वास अनेकांच्या ओळखीचा असेल. चालकाचा पाय सतत ब्रेकवर असतो, पॅड तापत जातात आणि त्यांतले घटक बांधून ठेवणारी राळ करपू लागते. रेस ट्रॅकवर हेच दर फेरीला घडतं, आणि कितीतरी जास्त जोरात. म्हणून रोजच्या वापरातली गाडी ट्रॅकवर न्यायची तयारी म्हणजे मुख्यतः उष्णतेचा बंदोबस्त.

ट्रॅक-डे ही शर्यत नसते. बंद ट्रॅकवर आपली गाडी आपल्या बेताने पण मोकळेपणाने चालवायची, आणि पुढच्याने हात दाखवून वाट दिल्याशिवाय त्याला ओलांडायचं नाही. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे आणि २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन शर्यत भरलेलं ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, ही आपल्याकडची ठळक ठिकाणं. मुंबई-पुण्याहून तिथे जाणारा हौशी चालक हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापतो, आणि दिवस संपला की त्याच गाडीने घरी परततो. गाडीत काय बदलायचं आणि काय नाही, हे ठरवताना हा परतीचा प्रवास डोळ्यांसमोर हवा.

आता थोडं गणित. चालकासह १२०० किलोची गाडी ताशी १५० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर तिच्यात सुमारे १० लाख ४० हजार ज्यूल गतिज ऊर्जा असते. वळणाआधी तिला ताशी ६० वर आणायचं, तर त्यातली पावणेनऊ लाख ज्यूल काही सेकंदांत उष्णतेत बदलावी लागते. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो, त्यामुळे साधारण ७० टक्के काम पुढची दोन चाकं करतात. प्रत्येक पुढची डिस्क सहा किलो बिडाची धरली, तर एका ब्रेकिंगला तिचं तापमान जवळपास १०५ अंशांनी चढतं. शहरात सिग्नलला ताशी ५० वरून थांबताना हीच वाढ असते सुमारे १४ अंश, आणि पुढचा सिग्नल येईपर्यंत डिस्कला निवायला वेळही मिळतो. ट्रॅकवर पुढचं वळण काही सेकंदांतच समोर येतं. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, हा शाळेतला नियम इथे पायाखाली जाणवतो. चार-पाच फेऱ्यांत डिस्क ४०० अंशांच्या पुढे जाणं यात नवल नाही.

ही उष्णता डिस्कमधून पॅडमध्ये, पॅडमधून कॅलिपरच्या पिस्टनमध्ये आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये उतरते. खरा धोका इथे आहे. द्रव दाबला जात नाही, म्हणूनच पायाचा जोर नळीतून थेट चाकापर्यंत पोचतो. पण ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ सहज दाबली जाते. मग पेडल जमिनीला टेकतं तरी गाडी थांबत नाही.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. रबरी नळ्यांतून, टाकीच्या झाकणातून ही ओल हळूहळू आत शिरत राहते. कोकणपट्टीत नि मुंबईत चार महिने ओलसर हवेत राहणाऱ्या गाडीने तर याची जास्तच काळजी घ्यावी. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उकळबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. पाण्याचे एवढे थोडे अंश पाऊणशे अंशांचा फरक पाडतात! घर ते ऑफिस या वापरात तो कधी कळत नाही. ट्रॅकवर तिसऱ्या-चौथ्या फेरीत कळतो.

तेव्हा पहिला खर्च करायचा तो ताज्या ब्रेक ऑइलवर. चांगलं डॉट ४ किंवा डॉट ५.१ घ्यावं. डॉट ५ मात्र चुकूनही नको. नावात साम्य असलं तरी ते सिलिकॉनचं असतं आणि बाकीच्यांत मिसळत नाही. काम दोन माणसांचं. एक जण आत बसून पेडल दाबून धरतो, दुसरा चाकामागच्या निपलला पारदर्शक नळी लावून पाना किंचित फिरवतो. जुनं तपकिरी ऑइल बुडबुड्यांसकट बाटलीत उतरतं, निपल बंद झाल्यावरच आतला माणूस पाय उचलतो. चारही चाकांतून स्वच्छ, फिकट ऑइल येईपर्यंत हे चालू ठेवायचं, आणि टाकीतली पातळी खाली जाऊ द्यायची नाही. नाहीतर वरून हवा शिरते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. मिस्त्री घाई करत असेल तर जवळ उभं राहून करून घ्यावं.

पॅड निदान निम्म्याहून जाड असावेत. पातळ पॅड उष्णता अडवत नाही, ती सरळ ऑइलकडे पाठवतो. थोडं जास्त तापमान सोसणारे, पण रस्त्यावरही चालणारे पॅड मिळतात, ते पुरेत. अस्सल शर्यतीचे पॅड गरम झाल्याशिवाय नीट पकडत नाहीत. परतीच्या वाटेवर अचानक गुरं आडवी आली तर ते थंड पॅड घात करतील.

इंजिनाची ताकद वाढवणारं रीमॅपिंग, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, खाली बसवलेल्या स्प्रिंगा यांवर नवशिक्याने पैसे घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. वेग वाढवला की थांबवण्याचं काम वेगाच्या वर्गाने वाढतं, आणि ब्रेक मात्र तेच राहतात.

टायरमधली हवासुद्धा तापते. सकाळी ३० अंशांना ३२ पीएसआय भरलेली हवा टायर ८० अंशांवर गेल्यावर जवळपास ४० पीएसआय दाखवते. टायर फुगून मधल्या पट्ट्यावर तोलला जातो आणि पकड घटते. म्हणून गेज स्वतःचा न्यावा, आणि ट्रॅकवरून आल्या आल्या, टायर गरम असतानाच दाब मोजून जादा हवा सोडावी. टायरच्या कडेला खडूची आडवी रेघ मारून ठेवली, तर रबर कडेवर किती लोळतंय ते रेघ कुठवर पुसली त्यावरून समजतं. रेघ बाजूच्या भिंतीवरूनही पुसली गेली असेल, तर हवा कमी आहे. आणि संध्याकाळी निघण्याआधी, टायर निवल्यावर, कंपनीने सांगितलेला दाब पुन्हा भरायला विसरू नये.

बाकीची तयारी तासाभराची आहे. चाकांचे नट टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळा, आणि पहिल्या सत्रानंतर पुन्हा तपासा. लांब वळणात इंजिन ऑइल तळात एका बाजूला सरकतं, तेव्हा त्याची पातळी वरच्या खुणेपर्यंत असू द्या, पण त्यापुढे नको. कूलंट आणि रेडिएटरचं झाकण पाहून घ्या. पायाखालची मॅट, पाण्याची बाटली, स्टेपनी, जॅक, डॅशबोर्डवरचा गणपती हे सगळं बाहेर काढून ठेवा. बाटली पेडलखाली गेली तर ब्रेक कितीही चांगले असून उपयोग नाही. गाडी ओढायचा हुक मात्र हाताशी ठेवा.

पेडल नेहमीपेक्षा खोल किंवा मऊ लागलं, तर आणखी एक फेरी मारायचा मोह आवरा आणि पिटमध्ये या. प्रत्येक सत्राची शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न लावता सावकाश काढा, म्हणजे वाऱ्याने डिस्क निवतात. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नका, कारण तापलेल्या डिस्कवर पॅड किंवा लायनर चिकटून बसू शकतात. सपाट जागा पाहून गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला अडण लावा.

पैसे भरण्याआधी एक कागद मात्र नक्की वाचा. आपल्याकडच्या नेहमीच्या वाहन विमा पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात, आणि आयोजित शर्यत व वेगाची चाचणी या दोन्ही गोष्टी त्यात वगळलेल्या असतात. ट्रॅकवर गाडी भिंतीला घासली, तर दुरुस्तीचा खर्च आपल्याच खिशातून जाणार असं धरून चाला.