मुका मार आणि परिचारिकेची नजर

"डोके फुटले नाही ना, मग काळजी नाही," असे आपल्या भागात सर्रास म्हटले जाते. आमच्या सिद्धेश्वरला धरणाच्या रस्त्यावर कोणी मोटारसायकलवरून पडले, की लोक आधी रक्त शोधतात. रक्त दिसले नाही, की पाणी पाजून त्याला घरी धाडतात. वास्तविक डोक्याला लागलेला मुका मार फार फसवा असतो. तो ओळखण्याच्या शास्त्रात परिचारिकांचा वाटा किती मोठा आहे, हे सांगण्याचा हा अल्प प्रयत्न.

मेंदू कवटीच्या बंद पेटीत असतो. आत एखादी रक्तवाहिनी फुटली, तर साकळणाऱ्या रक्ताला बाहेर वाट मिळत नाही. ते मेंदूलाच दाबू लागते. प्रारंभी माणूस नीट बोलतो, चहाही घेतो. काही तासांनी उलट्या होतात, गुंगी चढते, एखाद्या डोळ्याची बाहुली मोठी होते. आमच्या गल्लीतील एका तरुणाचे असेच झाले. रात्री तो घोरू लागला, तेव्हा घरच्यांना वाटले, थकून झोपला. पहाटे दवाखान्यातील सिस्टरांनी बॅटरीच्या उजेडात त्याच्या बाहुल्या पाहिल्या आणि त्याला तातडीने मोठ्या रुग्णालयात हलवायला लावले. तो वाचला.

हे पाहणे म्हणजे केवळ अंदाज नव्हे. 1974 साली ग्लासगो येथील ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी शुद्धी मोजण्याची गुणपद्धती मांडली. तिच्या आजच्या रूपात डोळे उघडण्याला 4, बोलण्याला 5 व हालचालीला 6, असे जास्तीत जास्त 15 गुण असतात. कमीत कमी 3. मात्र एकदा मोजून भागत नाही. 15 चे 13 कधी झाले, हे कळण्यासाठी पुन्हापुन्हा मोजावे लागते. रात्रभर खाटेपाशी राहून ते मोजते कोण? परिचारिकाच.

हीच नजर प्रयोगशाळेत गेली, तर काय होते, याचे उदाहरण म्हणजे अमेरिकेतील जेसिका गिल. परिचर्याशास्त्रात डॉक्टरेट मिळवून त्यांनी तेथील राष्ट्रीय परिचर्या संशोधन संस्थेत काम केले. सारखाच मार लागलेल्या दोघांपैकी एक लवकर बरा होतो. दुसऱ्याला डोकेदुखी, विसराळूपणा आणि चिडचिड महिनोन्‌महिने का छळतात, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. मज्जापेशींत टाऊ नावाचे प्रथिन असते. पेशींना इजा झाली की ते रक्तात उतरते. गिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 632 महाविद्यालयीन खेळाडूंचे रक्त हंगामापूर्वीच तपासून ठेवले. त्यांपैकी 43 जणांच्या मेंदूला पुढे खेळताना धक्का बसला. ज्यांना मैदानावर परतायला 10 दिवसांहून अधिक लागले, त्यांच्या रक्तात पहिल्या 6 तासांतच टाऊ अधिक आढळले. हा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. 2021 साली गिल जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राध्यापक झाल्या.

आपल्याला याचे काय, असे कोणी विचारील. आमच्या गल्लीतला तो तरुण आज चालतो-फिरतो. पण नावे विसरतो, क्षुल्लक कारणावरून भडकतो. लोक म्हणतात, "डोक्यावर परिणाम झाला," आणि बाजूला होतात. त्याची आई मात्र म्हणते, "माझं लेकरू असं नव्हतं." ती खरेच सांगते. तो स्वभाव नव्हे, ती जखम आहे. न दिसणाऱ्या जखमेला पुरावा मिळवून देणे, हेच या संशोधनाचे मोल.

आपल्या वर्गातील कोणी मुलगी नर्सिंगला निघाली, की आपण तिच्या सेवाभावाचे कौतुक करतो; तिच्या बुद्धीविषयी कोणी बोलत नाही. हातात दिवा घेतलेली फ्लॉरेन्स नाइटिंगेल सर्वांना ठाऊक आहे. पण क्रिमियाच्या युद्धातील मृत्यूंचे आकडे मांडून तिने सरकारला जाब विचारला, हे कितीजणांना माहीत आहे? सेवा आणि शास्त्र या दोन वाटा नव्हेत.

तोवर प्रत्येकाने एवढे तरी करावे. डोक्यावर पडलेल्या माणसाला एकटे झोपू देऊ नये. उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी वा असंबद्ध बोलणे दिसताच सकाळची वाट न पाहता त्याला रुग्णालयात न्यावे.